कुत्र्याचे पोट व पचन (कोकण किनारा)

कुत्र्याची पचनसंस्था, तिच्यातील जिवाणूंचा समतोल आणि तो टिकवण्यासाठी घरी घ्यायची काळजी हा या नोंदीचा विषय. पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत बहुतेक कुत्री घरात शिजेल ते खातात, आणि घरात काय शिजेल ते हंगाम ठरवतो. त्यामुळे इथल्या कुत्र्याच्या पोटाच्या तक्रारीही हंगामाप्रमाणे बदलतात: मे महिन्यात आंब्याची कोय, जून-जुलैत खारवलेले सुके मासे, पावसाळाभर जंत.

कुत्रा अन्न चावत बसत नाही, तुकडा तोडतो आणि गिळतो. माणसाच्या लाळेत पिठूळ पदार्थ फोडणारे अमायलेज हे विकर (एन्झाइम) असते. कुत्र्याच्या लाळेत ते जवळजवळ नसते. भाताचे खरे पचन लहान आतड्यात, स्वादुपिंडाच्या रसाने होते. या रसातले अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात साधारण २ प्रती असतात, तर कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत सापडतात, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. शेती करणाऱ्या प्रदेशांतील कुत्र्यांत या प्रती अधिक, बर्फाळ प्रदेशांतील जातींत कमी. तेव्हा ‘कुत्रा मांसाहारी, त्याला भात कसा पचेल’ ही शंका निराधार आहे. उकड्या तांदळाची पेज गावठी कुत्र्याला उत्तम पचते. तिने पोट भरते, पण पोषण पुरत नाही. तांदळात प्रथिने ७ टक्क्यांच्या आसपास असतात. प्रौढ कुत्र्याच्या आहारात, पाण्याचा अंश वगळून, ती किमान १८ टक्के आणि वाढत्या पिल्लाच्या आहारात २२ टक्क्यांहून थोडी जास्त असावीत असा मान्य दंडक आहे. नुसत्या पेजेवर वाढलेल्या पिल्लाचे पोट गोल दिसते आणि फासळ्याही मोजता येतात.

आतड्यातील जिवाणू हा या विषयाचा अलीकडे पुढे आलेला भाग. त्यांतले काही पित्ताम्लांचे (पित्तातील आम्लांचे) रूपांतर करतात आणि त्यामुळे उपद्रवी जिवाणू आटोक्यात राहतात. अन्न एकदम बदलले की ही वस्ती विस्कटते. नवे अन्न ७ ते १० दिवसांत थोडे थोडे वाढवत आणावे, हा नियम यासाठीच. मुंबईहून सुट्टीला गावी आणलेला, पाकिटातल्या खाद्यावर वाढलेला कुत्रा दुसऱ्याच दिवशी बांगड्याच्या कालवणाचा भात चापतो आणि रात्री पडवीत जुलाब करतो. दोष बहुधा पाण्याला दिला जातो. मेट्रोनिडाझोल हे जुलाबावर सर्रास दिले जाणारे औषध चांगल्या जिवाणूंनाही मारते आणि त्यांची घडी बसायला काही आठवडे लागतात, असे दिसून आले आहे. घरात उरलेली गोळी स्वतःच्या मनाने देणे म्हणूनच चुकीचे. ताक थोडे चालते, पण औषध म्हणून मिळणाऱ्या प्रोबायोटिकची (चांगल्या जिवाणूंच्या पुडीची) जागा ते घेत नाही.

कालवणाचा मुद्दा थोडा सविस्तर. मासा स्वतः चांगला. शिजवून, काटे काढून दिलेला बांगडा किंवा तारली हे उत्तम प्रथिन आहे. अडचण वाटपाची, म्हणजे वाटलेल्या मसाल्याची. ओले खोबरे, कांदा, लसूण, मिरची हे सगळे एकाच वाटीत उतरते. खोबऱ्याची चरबी लठ्ठ किंवा म्हाताऱ्या कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज आणू शकते. कांदा-लसूण लाल रक्तपेशी फोडतात: दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कच्चा कांदा, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला १५० ते ३०० ग्रॅम, एवढ्यात रक्तात बदल दिसतात. शिजवल्याने हा गुण जात नाही आणि रोज थोडे थोडे पोटात गेले तरी त्रास होऊ शकतो. मासा कालवणात पडण्याआधी कुत्र्याचा तुकडा बाजूला उकडून ठेवणे हा सोपा उपाय. काही जातींच्या कच्च्या माशांत थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते, ते शिजवल्यावर निकामी होते. उन्हात राहून बिघडलेल्या बांगड्यात तयार होणारे हिस्टामिन मात्र कितीही उकळले तरी जात नाही.

रापणीच्या (किनाऱ्यावर ओढल्या जाणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या) आसपास राहणाऱ्या कुत्र्यांना फेकलेले मासे मिळतात, त्यांत कधी केंड हा अंग फुगवणारा विषारी मासाही असतो. केंडाचे विष मज्जातंतूंवर जाते. तोंडाला लाळ, मागचे पाय लुळे, मग श्वास. त्यावर उतारा नाही, श्वास चालू ठेवण्याचीच धडपड करावी लागते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ताजा मासा थांबतो आणि सुकट, जवळा, सुके बांगडे पुढे येतात. त्यांतले मीठ जास्त, म्हणून ते भिजवून, पाणी टाकून, दोनदा धुऊन मगच द्यावेत आणि शेजारी भांडेभर गोडे पाणी असावे. समुद्राच्या पाण्याचीही हीच गोष्ट. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असलेले पाणी लाटेत खेळताना कुत्रा प्यायला की थोड्या वेळाने पातळ जुलाब होतात. जास्त प्यायला तर मीठ मेंदूपर्यंत बाधते आणि झटके येतात. किनाऱ्यावर चेंडू फेकणाऱ्याने गोड्या पाण्याची बाटली बरोबर ठेवावी.

मे महिन्यातला खरा धोका आंब्याचा. रस काढून टाकलेली कोय कुत्रा चाटता चाटता गिळतो. मोठ्या कुत्र्याच्या जठरात ती दिवसेंदिवस पडून राहू शकते. लहान आतड्यात उतरली की अडकते. सुरुवातीला एकदोन उलट्या, मग पाणी प्यायले की लगेच उलटी, शौच बंद, पोटाला हात लावू न देणे, पुढचे पाय ताणून मागचा भाग वर धरून उभे राहणे. कोय एक्स-रेत हाडासारखी ठळक दिसत नाही, सोनोग्राफीत चांगली कळते. अडकलेली कोय शस्त्रक्रियेनेच निघते आणि उशीर झाला तर आतड्याचा तुकडा कापावा लागतो. एरंडेल पाजून ती ‘पाडण्याचा’ प्रयोग आतडे फाडू शकतो. कोयी झाकणाच्या डब्यात टाकाव्यात. परसातल्या उघड्या खड्ड्याचे कुत्र्याला काय कौतुक!

पावसाळ्याची मुख्य तक्रार जंतांची. दमट, उबदार माती आणि वाळू हुककृमीच्या अळ्यांना मानवते. अळ्या पंजांच्या कातडीतून शिरतात, आईच्या दुधातून पिल्लांतही जातात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. हिरड्या फिकट, शौच डांबरासारखे काळे. गोलकृमी तर पिल्लू पोटात असतानाच त्याच्यात उतरतात, म्हणून पिल्लांचे जंतऔषध २ आठवड्यांच्या वयापासून सुरू होते, १५-१५ दिवसांनी दिले जाते आणि नंतर सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा. मोठ्या कुत्र्याला साधारण तीन महिन्यांनी एकदा. याच हुककृमींच्या काही जाती वाळूत अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या कातडीत नागमोडी, खाजरी रेघ उठवतात.

याच दिवसांत पाकिटातले कोरडे खाद्य बुरशी धरते. बुरशीचे अफ्लाटॉक्सिन यकृत बिघडवते आणि वासावरून ते नेहमी कळतेच असे नाही. पिशवी तशीच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि महिन्याभरात संपेल एवढीच आणावी.

साध्या जुलाबात कुत्रा खेळत असेल, पाणी पीत असेल तर मऊ भात आणि उकडलेली कोंबडी, दोनास एक, मीठमसाल्याशिवाय, दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावे. उकडलेला लाल भोपळा चमचाभर घातला तर शौच बांधून येते. कोंबडीची शिजलेली हाडे देऊ नयेत, त्यांच्या चिपा टोकदार फुटतात. शरीरात पाणी किती उरले ते पाहण्यासाठी खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडावी: ती लगेच बसली नाही किंवा हिरड्या चिकट लागल्या तर घरचे उपचार थांबवावेत. पिल्लाला उपाशी ठेवू नये. लस न टोचलेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे, विशिष्ट घाण वासाचे जुलाब लागले तर तो पार्व्हो समजूनच चालावे. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही, त्याला ब्लीचचे पाणी लागते. लस ६ ते ८ आठवड्यांच्या वयापासून, ठरल्या अंतराने १६ आठवड्यांपर्यंत.

तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना प्रामुख्याने गाईगुरांसाठी चालतो, आणि सोनोग्राफीसाठी अनेकदा मोठ्या शहराची वाट धरावी लागते. निघताना त्याच सकाळचे शौच स्वच्छ, कोरड्या बाटलीत घ्यावे, झाकण लावून सावलीत ठेवावे आणि आदल्या दोन दिवसांत कुत्र्याने काय काय खाल्ले ते कागदावर लिहून न्यावे, शेजाऱ्यांनी घातलेले धरून.