स्लीपिंग बॅग भिजते ती आतून

जानेवारीतल्या शनिवारी रात्री ठाणे स्टेशनवर कसारा लोकलची वाट बघणाऱ्या ट्रेकर्सच्या सॅकला खाली स्लीपिंग बॅग बांधलेली असते. सोमवारी तीच बॅग घोडबंदर नाहीतर ऐरोलीच्या एखाद्या बाल्कनीत वाळत पडलेली. पाऊस नाही, मग भिजली कशी? थोडं दव, बाकी आपलाच श्वास आणि घाम.

हे दुखणं जुनं आहे. वेल्समधल्या न्यूटाउनच्या प्राइस प्राइस-जोन्सने 1876 मध्ये ‘युक्लिसिया रग’चं पेटंट घेतलं: दुमडून आत शिरायची लोकरीची रग, उशाशी फुगवायची रबरी उशी. रशियन सैन्याने ती हजारोंनी घेतली. आपल्याकडे धनगराची घोंगडी होतीच. तिची खोळ करून डोक्यावर घेतली की पाऊस अडतो, आणि ओलसर झाली तरी लोकर ऊब सोडत नाही.

खरा धडा मिळाला तो 1911 च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात. पेंग्विनची अंडी आणायला कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरर्ड तिथल्या केप क्रोझियर या भूशिराकडे निघाले. बॅगा रेनडियरच्या कातड्याच्या. रात्रीचा घाम आणि श्वास कातड्यात मुरायचा, दिवसा त्याचा बर्फ व्हायचा. रोज रात्री ती लाकडासारखी ताठ बॅग अंगाच्या उबेने वितळवत इंचाइंचाने आत शिरायचं. पाच आठवड्यांनी परतले तेव्हा बॅगांचं वजन दुपटीहून जास्त झालं होतं. वाढलेलं सगळं वजन पाण्याचं!

दुसरा पर्याय बॅगेत भरलेली पिसं. हलकी, उबदार; पण भिजली की गोळा होऊन बसतात, कारण ऊब पिसात नसते, पिसांमध्ये अडकलेल्या हवेत असते. पॉलिएस्टर जड, पण ओल सोसतं. सह्याद्रीसाठी मी तेच घेईन. बॅग किती थंडीपर्यंत चालेल हे सांगणाऱ्या लेबलवरच्या तापमानाला युरोपात 2002 मध्ये मानक मिळालं, पण तो आकडा कोरड्या बॅगेत झोपवलेल्या, अंगासारख्या तापवलेल्या पुतळ्यावर मोजतात, खाली मॅट घालून. दुकानात हे कोणी सांगत नाही.

म्हणून रतनगडाच्या पायथ्याशी थंडी कितीही वाजो, तंबूची खिडकी थोडी उघडी ठेवावी आणि तोंड बॅगेबाहेर. दिवसभर घामेजलेले मोजे आत नेऊच नयेत. सकाळी ऊन आलं की बॅग उलटी करून पसरावी. बाल्कनीतही तसंच, आधी आतली बाजू उन्हाला.