आदिवासी कॅसिनोत खेळाडूला दादच नसते?

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींत एक समज पक्का बसला आहे: आदिवासी जमातींचे कॅसिनो सार्वभौम जमिनीवर, म्हणून तिथे कायदाच नाही, वाद झाला तर पैसे बुडालेच. यातलं अर्धंच खरं आहे.

जमातीला सार्वभौम संरक्षण असतं, त्यामुळे सरळ राज्याच्या कोर्टात खेचणं बहुधा जमत नाही. पण 1988 च्या संघीय कायद्याखाली जमातीला जुगाराचे नियम मंजूर करून घ्यावे लागतात आणि खेळाडूंचे वाद कसे सोडवणार, हेही सांगावं लागतं. तक्रार ऐकते ती बहुधा जमातीची गेमिंग कमिशन, म्हणजे जुगारावर देखरेख करणारी जमातीची संस्था. वॉशिंग्टनमधली राष्ट्रीय कमिशन, म्हणजे संघीय सरकारची अशीच संस्था, असे वाद सोडवत नाही. तिथे पत्र धाडण्यात वेळ जातो.

खरी घाई असते ती कॅसिनोच्या कॅमेऱ्यांतल्या चित्रीकरणाची. कायद्याने 'दुसऱ्या वर्गात' (Class II) टाकलेल्या बिंगोसारख्या खेळांसाठी संघीय नियम ते फक्त 7 दिवस जपण्याची सक्ती करतो. संशयित गुन्हा आढळला तर प्रत किमान 1 वर्ष. स्लॉट मशीन व ब्लॅकजॅकसारख्या, कॅसिनोविरुद्ध खेळायच्या पत्त्यांच्या टेबलांसाठी जमातीचा राज्याशी झालेला करार पाहावा लागतो.

म्हणून मशीन अडलं, तर बटण दाबू नका, जागा सोडू नका. मशीनचा नंबर आणि वेळ लिहा, सुपरवायझरला बोलवा, चित्रीकरण राखून ठेवण्याची मागणी त्याच दिवशी लेखी द्या. स्वतः मोबाइलवर चित्रण करायचं असेल तर आधी विचारा. मनाई असेल तर तुम्हाला बाहेर काढण्याचा हक्क त्यांना आहे. मशीनवरची 'बिघाड झाल्यास बक्षीस रद्द' ही ओळही वाचा. बरेच वाद तिथेच अडतात.