बर्नडाउन चार्ट

बर्नडाउन चार्ट : सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या टीमचे ठरलेल्या मुदतीतले किती काम अजून बाकी आहे, हे दिवसागणिक दाखवणारा आलेख. आडव्या अक्षावर दिवस आणि उभ्या अक्षावर उरलेले काम असते. रेघ डावीकडे वरून निघते, काम संपत जाईल तशी उजवीकडे उतरते आणि सगळे आटोपले की शून्याला टेकते. झालेल्या कामाऐवजी उरलेले काम मोजणे हा या आलेखाचा विशेष. ‘नव्वद टक्के झालंय’ हे वाक्य एखाद्या प्रकल्पात महिनोन्महिने तग धरू शकते. उरलेल्या कामाचा आकडा मात्र रोज सांगावा लागला की लपवालपवी अवघड होते.

अमेरिकेतील केन श्वेबर आणि जेफ सदरलंड यांनी १९९५ साली ‘ऊप्सला’ (OOPSLA) या प्रोग्रॅमिंगविषयक परिषदेत ‘स्क्रम’ ही सॉफ्टवेअर तयार करण्याची कार्यपद्धती मांडली. स्क्रममध्ये काम साधारण दोन ते चार आठवड्यांच्या तुकड्यांत, म्हणजे स्प्रिंटमध्ये, विभागले जाते. स्प्रिंटची रोजची स्थिती दाखवणारा हा आलेख श्वेबर यांनी २०००च्या सुमारास प्रचारात आणला. पुढे तो स्क्रमची खूणच बनला, इतका की आलेख नाही म्हणजे स्क्रम नाही असे लोक समजू लागले. २०११च्या स्क्रम गाइडने, म्हणजे स्क्रमच्या अधिकृत नियमपुस्तिकेने, मात्र त्याची सक्ती काढून टाकली आणि २०२०च्या आवृत्तीत तो अंदाज बांधण्याच्या अनेक साधनांपैकी एक म्हणून उरला आहे.

आलेख काढण्याआधी कामाला आकडा द्यावा लागतो. तो तासांत देता येतो, पण बहुतेक ठिकाणी स्टोरी पॉइंट वापरतात. स्टोरी म्हणजे वापरकर्त्याच्या गरजेच्या रूपात मांडलेले एक काम, आणि पॉइंट म्हणजे त्या कामाचा तुलनात्मक आकार : लॉगिनच्या पानावर एक रकाना वाढवणे २ पॉइंटचे धरले, तर पेमेंटची नवी सोय जोडणे त्याच्या किती पट, एवढेच ठरवायचे. १, २, ३, ५, ८, १३ अशी वाढत जाणारी अंतरे मुद्दाम ठेवलेली असतात, कारण मोठ्या कामाचा अंदाज तितकाच ढोबळ असतो. ८ की ९ यावर वाद घालून हाती काही लागत नाही. आकडा ठरवण्यासाठी ‘प्लॅनिंग पोकर’ खेळतात. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ साली ही रीत मांडली आणि माइक कोन यांच्या लेखनातून ती सर्वत्र पोहोचली. सगळ्यांनी आकडे लिहिलेले पत्ते एकाच वेळी उलटायचे, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा देणाऱ्यांनी कारण सांगायचे, मग पुन्हा पत्ते टाकायचे. ‘एकाच वेळी’ हे महत्त्वाचे. सिनियरने आधी ‘तीन’ म्हटले की बाकीच्यांचेही तीनच येतात, आणि जुन्या कोडमधली अडचण ठाऊक असलेला नवखा गप्प बसतो.

पूर्वी हा आलेख भिंतीवर कागद चिकटवून हाताने काढत. आता तो बहुधा जिरासारख्या, कामांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत आपोआप निघतो. आपोआप निघतो म्हणून बरोबरच असतो असे नव्हे. जिरामध्ये बोर्डच्या, म्हणजे कामे टप्प्यांच्या कॉलममध्ये मांडणाऱ्या फलकाच्या, सेटिंगमध्ये अंदाज कशात मोजायचा ते आधी निवडावे लागते : स्टोरी पॉइंट, मूळ अंदाजित वेळ की निव्वळ कामांची संख्या. नव्या टीमचा आलेख कोरा दिसतो त्याचे नेहमीचे कारण म्हणजे जवळपास एकाच नावाचे दोन रकाने. कंपनीच्या पातळीवर चालणाऱ्या प्रोजेक्टमध्ये ‘स्टोरी पॉइंट्स’ आणि टीमने स्वतः चालवलेल्या प्रोजेक्टमध्ये ‘स्टोरी पॉइंट एस्टिमेट’. आकडे एकात भरले आणि बोर्ड दुसऱ्याकडे पाहत असला, तर रेघ शून्यावरच पडून राहते. उपकामांना, म्हणजे सबटास्कना, दिलेले पॉइंटही आलेखात धरले जात नाहीत. ते मुख्य स्टोरीवरच हवेत.

दुसरी मेख कॉलमची. काम ‘झाले’ असे जिरा तेव्हाच मानते, जेव्हा ते बोर्डच्या अगदी उजवीकडच्या कॉलममध्ये पोहोचते. कोणी उत्साहाने त्याच्याही पुढे ‘रिलीज झाले’ असा कॉलम जोडला, तर टेस्टिंग पार पडलेली कामेही उरलेलीच मोजली जातात आणि टीम विनाकारण मागे पडलेली दिसते. त्यामुळे ‘झाले’ म्हणजे नेमके काय, हे सेटिंगला हात लावण्याआधी टीमने बसून ठरवलेले बरे.

सुट्ट्या आणि टाइम झोन याच सेटिंगमध्ये भरायचे असतात. शनिवार-रविवारबरोबर गणेश चतुर्थी आणि दिवाळीचे दिवस नोंदवले नाहीत, तर आदर्श उताराची (रोज सारखे काम संपले तर दिसेल ती) करडी रेघ त्या दिवशीही उतरत राहते आणि सुट्टीवरून परतलेली टीम पहिल्याच सकाळी पिछाडीवर असते. बोर्डाचा टाइम झोन न्यूयॉर्कचा ठेवला, तर हिंजवडीतल्या टीमचा ‘दिवस’ सकाळी साडेनऊला बदलतो, हिवाळ्यात साडेदहाला. दहाच्या स्टँडअपआधी, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीआधी, घाईने बंद केलेले तिकीट (प्रणालीतली एका कामाची नोंद) आलेखात आज पडले की काल, यावर मग निरर्थक चर्चा होते.

उदाहरणार्थ, दहा कामाच्या दिवसांचा, ४० पॉइंटचा स्प्रिंट घेतला तर आदर्श रेघ रोज ४ पॉइंटने उतरते. पाचव्या दिवशी २० उरायला हवेत, प्रत्यक्षात २८ उरले आहेत. हा फरक ओळखायला आलेख पुरतो, कारण मात्र तो सांगत नाही. कदाचित चौथ्या दिवशी क्लायंटने ८ पॉइंटची नवी स्टोरी घुसवली असेल. तेव्हा रेघ वर उडी मारते आणि जिरा खालच्या तक्त्यात ‘स्कोप बदल’ (ठरलेल्या कामाच्या व्याप्तीतला बदल) म्हणून तिची नोंद करते. स्प्रिंट सुरू झाल्यावर कोणी जुन्या स्टोरीचा आकडा वाढवला तरी हेच होते. आठ दिवस सपाट आणि नवव्या दिवशी कडेलोट, असा आकार फार ठिकाणी दिसतो. त्याचा अर्थ स्टोऱ्या गरजेपेक्षा मोठ्या आहेत, किंवा सगळे टेस्टिंगसाठी एकाच माणसापाशी अडकले आहे, किंवा लोक तिकिटे शेवटच्या दिवशीच हलवतात. माझ्या मते तिसऱ्या शक्यतेची चौकशी आधी करावी. ती सर्वांत स्वस्तात सुटते. वाढता स्कोप आणि झालेले काम या दोन वेगळ्या रेघांनी दाखवायचे असेल, तर बर्नअप चार्ट अधिक प्रामाणिक ठरतो.

मोफत साधनांतही ही सोय बरीच जुनी आहे. पायथनमध्ये लिहिलेल्या ‘ट्रॅक’ या तिकिटे सांभाळणाऱ्या प्रणालीसाठी अंदाजाचे एक प्लगइन, म्हणजे जोडप्रोग्रॅम, होते. तिकिटाला उरलेल्या तासांचा एक रकाना जोडायचा, प्लगइनला त्याचे नाव कळवायचे आणि ट्रॅकमधल्या विकीच्या पानावर मॅक्रोची (आलेख मागवणाऱ्या आज्ञेची) एक ओळ टाकायची. प्लगइन तिकिटांच्या बदलांचा इतिहास चाळून आलेख रचत असे. त्याचे चित्र मात्र गूगलच्या चार्ट सेवेकडून येई, आणि गूगलने ती सेवा २०१९ साली बंद केली.

आलेखाचा गैरवापर बहुधा वरून सुरू होतो. रेघ सरळ उतरली पाहिजे असे मॅनेजरने ठरवले की ती उतरते. पॉइंट फुगवले जातात, अर्धवट स्टोरी बंद करून उरलेले काम नव्या तिकिटात सरकवले जाते. दोन टीमच्या पॉइंटची तुलनाही अशीच निरर्थक, कारण एकीचे ५ म्हणजे दुसरीचे ५ नव्हेत. स्टोरी पॉइंट कदाचित आपणच शोधले असतील आणि तसे असेल तर आता त्याचे वाईट वाटते, असे एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या सॉफ्टवेअर-कार्यपद्धतीच्या प्रवर्तकांपैकी रॉन जेफ्रीज यांनी पुढे लिहिले, तेही याच गैरवापराला उद्देशून.

सपोर्टसारख्या, रोज नवी तिकिटे येणाऱ्या कामाला स्प्रिंटची मुदत नसते, त्यामुळे बर्नडाउनही लागू पडत नाही. तिथे कानबान बोर्ड (मुदतीऐवजी सलग चालणाऱ्या कामाचा फलक) आणि कोणत्या टप्प्यात किती कामे साचली आहेत हे दाखवणारा क्युम्युलेटिव्ह फ्लो आलेख वापरतात.