‘ओसाड’ ठरवलेला किनारा : लांगदोकची पार्श्वभूमी

दक्षिण फ्रान्समध्ये रोन नदी भूमध्य समुद्राला मिळते तिथून पश्चिमेकडे निघालं की पिरेनीज पर्वताच्या पायथ्यापर्यंत सुमारे २०० किलोमीटर वाळूच वाळू लागते. पूर्वेकडच्या नीस-कान या शहरांसारखा कड्यांचा किनारा हा नव्हे. इथे जमीन सपाट, समुद्र उथळ, आणि दोघांच्या मध्ये खाऱ्या पाण्याच्या सरोवरांची माळ आहे. सरोवर आणि समुद्र यांना वेगळं करतो तो वाळूचा एक अरुंद दांडा. वादळात हा दांडा कुठेतरी फुटतो, समुद्राचं पाणी आत शिरतं, आणि काही काळाने ते तोंड पुन्हा वाळूने बुजतं. या तोंडांना तिथले लोक ‘ग्रो’ म्हणतात. किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांच्या नावांत हा शब्द सापडतो. वायव्येकडून त्रामोंतान वारा सुटला की आभाळ लख्ख होतं आणि वाळू डोळ्यांत जाते. समुद्रावरून ‘मारँ’ वाहू लागला की सगळं दमट, चिकट.

हा लांगदोक आणि त्याला दक्षिणेकडे जोडलेला रूसियों. आज तिथे गेलेल्या माणसाला जो किनारा दिसतो, म्हणजे पिरॅमिडसारख्या इमारती, हजारो होड्यांची बंदरं, रांगेने लावलेली झाडं, तो १९६३ सालच्या एका सरकारी निर्णयातून आलेला आहे. त्या निर्णयाचं समर्थन ज्या एका शब्दावर उभं राहिलं, तो शब्द ‘ओसाड’.

जुन्या काळात हा किनारा ओसाड नव्हताच. आग्द हे ग्रीकांनी वसवलेलं बंदर. नार्बोन ही इ. स. पू. ११८ मध्ये वसलेली रोमन वसाहत आणि पुढे एका मोठ्या प्रांताची राजधानी. पण नद्या गाळ आणत राहिल्या आणि बंदरं एकामागोमाग बुजत गेली. नार्बोनपासून समुद्र दूर गेला. तेराव्या शतकात फ्रान्सच्या राजाने धर्मयुद्धांसाठी एग्-मॉर्त हे तटबंदीचं बंदर उभारलं. १२४८ साली त्याचं आरमार इथूनच निघालं. आज त्या तटावर उभं राहिलं तर समोर मिठागरं दिसतात, समुद्र काही किलोमीटर पलीकडे. ‘एग्-मॉर्त’ या नावाचा अर्थच ‘मेलेलं पाणी’.

मिठाने या भागाला बरंच काही दिलं. सतराव्या शतकात मिठावरचा कर वसूल करणाऱ्या बेझियेच्या एका गृहस्थाने तुलूझ शहरापासून ‘तो’ नावाच्या सरोवरापर्यंत २४० किलोमीटरचा कालवा खोदायचं मनावर घेतलं. काम १६६६ ते १६८१ असं १५ वर्षं चाललं; कालवा खुला होण्याच्या काही महिने आधी हा गृहस्थ वारला. कालव्याच्या टोकाला, समुद्रावर, त्याच १६६६ साली सेत बंदराची पायाभरणी झाली. मिठागरांची दुसरी आठवण मात्र काळी आहे. ऑगस्ट १८९३ मध्ये एग्-मॉर्तच्या मिठागरांवर हंगामी कामाला आलेल्या इटालियन मजुरांवर जमावाने हल्ला केला आणि अधिकृत मोजणीप्रमाणे ८ जण मारले गेले. आरोपी निर्दोष सुटले.

तरीही या प्रदेशाचा खरा इतिहास द्राक्षांचा आहे, आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय १९६३ कळत नाही.

रेल्वे आल्यावर लांगदोकची स्वस्त तांबडी वाइन उत्तरेकडच्या कारखान्यांच्या गावांत पोचू लागली. गहू गेला, ऑलिव्ह मागे पडलं, मैदानभर वेली लागल्या. मग १८६० च्या दशकात फिलॉक्सेरा ही मुळांवरची कीड आली आणि वीस वर्षांत बागा उभ्या वाळल्या. उपाय सापडला तो अमेरिकन वेलीच्या खुंटावर युरोपीय वेलीचं कलम करण्याचा. त्या वेलींची मुळं या किडीला दाद देत नव्हती. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळं समजवायला नको. तो डॉगरिज खुंटावर कलम भरतो ते खारं पाणी आणि दुष्काळ सोसावा म्हणून. पण तो खुंटही अमेरिकन वेलींच्याच कुळातला.

कलमं येईपर्यंत लांगदोकच्या शेतकऱ्यांच्या दुसरी एक गोष्ट लक्षात आली होती. फिलॉक्सेरा वाळूत जगत नाही. ज्या दांड्यांना कोणी विचारत नव्हतं, तिथे द्राक्षं लावली गेली आणि ती टिकली. सरकारी कागदांतल्या ‘ओसाड’ वाळूत त्याआधीच मुळं गेली होती.

बागा पुन्हा उभ्या राहिल्या तेव्हा वाइनचा पूर आला. अल्जीरियाची वाइन बोटींनी सेतला उतरत होती, साखर घालून बनवलेली भेसळीची वाइनही बाजारात होती. भाव मातीमोल झाले. ११ मार्च १९०७ रोजी आर्झेलिये गावातले ८७ द्राक्ष उत्पादक चौकशी समितीला गाऱ्हाणं सांगायला नार्बोनला चालत गेले. त्यांचा म्होरक्या गावात कॅफे चालवणारा एक शेतकरी होता. त्यानंतर दर रविवारी एकेका शहरात सभा, आणि प्रत्येक सभा आधीच्या सभेहून मोठी. ९ जूनला माँपेल्येत जमलेल्या लोकांचे अंदाज पाच लाखांच्या वरचे आहेत. सरकारने सैन्य पाठवलं. नार्बोनमध्ये गोळीबार झाला, माणसं मेली. त्यावर एका पायदळ रेजिमेंटचे पाचशेच्या आसपास शिपाई, जे याच भागातल्या शेतकऱ्यांचे मुलगे होते, बंड करून आग्दहून बेझियेला रात्रीतून चालत आले. त्यांना पुढे ट्युनिशियातल्या गाफ्साला धाडण्यात आलं. तो कॅफेवाला पॅरिसला जाऊन पंतप्रधानांना भेटला. परतीच्या तिकिटासाठी त्याने १०० फ्रँक घेतले, ही बातमी वर्तमानपत्रांत पोचवली गेली आणि ज्याला लोकांनी डोक्यावर घेतलं होतं तो एका दिवसात गावाच्या नजरेतून उतरला. जूनच्या अखेरीस भेसळीविरुद्ध कायदा झाला. सहकारी वाइन तळघरं गावोगाव उभी राहिली, आणि जास्त पिकवून कमी भावाने विकायचं हे चक्र पुढची सत्तर वर्षं चालू राहिलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारला हे चक्र तोडायचं होतं. १९५५ मध्ये रोनचं पाणी कालव्याने लांगदोकच्या मैदानात आणण्यासाठी कंपनी स्थापन झाली: पाणी घ्या, वेली काढा, फळं-भाजीपाला लावा. बहुतेकांनी पाण्याला हरकत घेतली नाही, हरकत घेतली ती वेली काढायला. शेती बदलेना, कारखाने येईनात. त्याच वेळी दर उन्हाळ्यात उत्तरेकडच्या मोटारींची रांग लांगदोक ओलांडून स्पेनच्या किनाऱ्याकडे जाताना दिसत होती. सगळा पैसा डोळ्यांदेखत पुढे निघून चालला होता.

जून १९६३ मध्ये या किनाऱ्यावर पर्यटनाची गावं वसवण्यासाठी एक आंतरमंत्रालयीन पथक नेमलं गेलं. त्याने काम कसं केलं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. योजना जाहीर होण्याआधीच किनाऱ्यालगतची जमीन कुठलाही बोभाटा न करता, मध्यस्थांमार्फत, शेतीच्या आणि पडीक जमिनीच्या भावाने विकत घेतली गेली. १९६२ च्या एका कायद्याने सरकारला ठरावीक क्षेत्रात जमिनीच्या व्यवहारांत पहिला हक्क मिळाला होता. तो कायदा इथे पुरेपूर वापरला गेला. सट्टेबाज आले असते तर भाव आकाशाला भिडले असते, हे समर्थन खोटं नव्हतं. पण ज्याने वाळूचा तुकडा कवडीमोलाने विकला आणि वर्षभरात तिथे बंदराचा आराखडा पाहिला, त्याचा रागही खोटा नव्हता.

मग डास. सरोवरांच्या काठची दलदल हे या किनाऱ्यावर वस्ती विरळ असण्याचं मोठं कारण होतं, आणि मलेरियाचा धाक तिथे पिढ्यान्पिढ्या होता. फवारण्या झाल्या, दलदली भरल्या, चर खणले. रस्ते, पाणी, झाडं आणि बंदरं सरकारने करायची, इमारती खाजगी बिल्डरांनी बांधायच्या, आणि दर गावासाठी एक मुख्य वास्तुरचनाकार, अशी विभागणी झाली. ला ग्रांद-मॉतमध्ये पिरॅमिड उभे राहिले. त्यांच्या रचनाकाराला प्रेरणा मेक्सिकोतल्या प्राचीन वास्तूंवरून मिळाली होती. काप द’आग्द, ग्रुइसाँ, ल्युकात, बार्कारेस, सें-सिप्रियाँ ही बाकीची केंद्रं. ओद नदीच्या मुखाशी योजलेलं एक केंद्र झालंच नाही. बार्कारेसला लोकांचं लक्ष वेधायला १९३१ साली बांधलेली एक प्रवासी बोट १९६७ मध्ये वाळूत ओढून उभी केली. ती अजून तिथेच आहे.

या योजनेच्या बाजूने एक गोष्ट मनापासून मांडली पाहिजे. दोन केंद्रांच्या मध्ये मोकळी जागा राखायची, हा नियम पाळला गेला. स्पेनच्या काही किनाऱ्यांवर काँक्रीटची सलग भिंत उभी राहिली, तशी इथे राहिली नाही. त्यामुळे सरोवरांवरचे रोहित पक्षी आजही दिसतात.

प्रश्न उरतो तो ‘ओसाड’ या शब्दाचा. योजनेच्या कागदांत आणि भाषणांत हा किनारा रिकामा, डासांचा, कोणाच्याच उपयोगाचा नसलेला असा पुन्हा पुन्हा आला. तिथे काय होतं? सरोवरांत मासे आणि बाम धरणारी कुटुंबं होती, वेताच्या आणि लाकडी झोपड्यांत राहणारी. ग्रुइसाँच्या वाळूवर नार्बोनच्या लोकांनी बांधलेली लाकडी घरं होती, खांबांवर उभी, कारण हिवाळ्यात समुद्र दांड्यावरून आत येतो. रविवारी आणि सुट्टीत तिथे कामगार, कारकून, शेतकरी यायचे. वीज नाही, नळ नाही, भाडं नाही. तो या मैदानातल्या गरिबांचा समुद्र होता. ग्रुइसाँची घरं वाचली आणि आज पोस्टकार्डांवर झळकतात. रूसियोंच्या किनाऱ्यावरच्या बुर्दिगू या झोपड्यांच्या वस्तीच्या नशिबी ते नव्हतं. १९७० च्या दशकात, रहिवाशांचा विरोध असतानाही, ती पाडली गेली. नकाशावर त्या घरांची नोंदच नव्हती, म्हणून ती ‘बेकायदा’ ठरली. हिशेबात न धरलेल्या माणसांना हटवताना हिशेब द्यावा लागत नाही. माझ्या मते या सगळ्या योजनेतली खरी खोट इथे आहे; पिरॅमिडांच्या सौंदर्यावरच भांडत राहिलेल्यांनी तिच्याकडे फारसं पाहिलं नाही.

किनारा रिकामा नव्हता हे ‘तो’ सरोवराच्या काठी आणखी स्पष्ट दिसतं. सुमारे ७५ चौरस किलोमीटरचं हे पाणी काठच्या गावांना कालवं (ऑयस्टर) देतं. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाही, त्यामुळे अटलांटिकसारखी जमिनीवर कालवं पसरून चालत नाही. इथे शेतकरी दोन-तीन लहान कालवं एकत्र धरतो, सिमेंटचा बोटभर ठिपका लावतो, त्यांना दोराला चिकटवतो. वीतभर खाली पुन्हा तेच. असे हजारो दोर पाण्यातल्या चौकटींना लटकतात. हे काम हाताने, ओल्या थंडीत चालतं. अशा पाण्याकाठी राहणाऱ्यांना ‘इथे काही नव्हतं’ हे वाक्य किती लागत असेल, ते वेगळं सांगायला नको. सरोवराचं दुखणंही त्यांच्याच वाट्याला येतं: कडक उन्हाळ्यात वारा पडला की पाण्यातला प्राणवायू संपतो, पाणी पांढुरकं होतं, कालवं दोरावरच मरतात. या संकटाला तिथे ‘मालेग’ म्हणतात. २०१८ चा उन्हाळा तसाच गेला.

१९६३ मध्ये नेमलेलं ते पथक १९८३ च्या सुरुवातीला गुंडाळलं गेलं. दरम्यान द्राक्षांचं दुखणं मिटलं नव्हतं. मार्च १९७६ मध्ये नार्बोनजवळच्या माँत्रदोंला आंदोलक आणि पोलिसांत गोळ्या झाडल्या गेल्या. एक शेतकरी आणि एक पोलीस अधिकारी ठार झाले. पुढे युरोपीय अनुदानावर वेली उपटायची मोहीम निघाली. एके काळी चार लाख हेक्टरांच्या वर असलेल्या बागा आज निम्म्याच्या आसपास उरल्या आहेत, आणि त्यांतली वाइन मात्र पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगली आहे. १९६० च्या सुमारास १५ लाखांच्या आसपास असलेली या प्रदेशाची लोकसंख्या पन्नास वर्षांत २७ लाखांवर गेली. बेरोजगारी फ्रान्समधल्या सर्वांत जास्त दरांपैकी राहिली. पर्यटनाने काम दिलं ते बहुतेक जुलै-ऑगस्टचं.

प्रशासकीय नावाचा घोळ अलीकडचा. २०१६ च्या सुरुवातीला हा प्रांत शेजारच्या प्रांतात विलीन झाला, राजधानी माँपेल्येहून तुलूझला गेली. लोकांची पसंती घेऊन नव्या प्रांताला ‘ऑक्सितानी’ हे नाव मिळालं. ‘ओक’ म्हणजे ‘हो’. ज्या भाषेत ‘हो’ला ‘ओक’ म्हणतात तिचा मुलूख, हाच ‘लांगदोक’चाही अर्थ. पण रूसियोंचे लोक कातालान, म्हणजे स्पेनमधल्या कातालोनियाशी नातं सांगणारे; त्यांचा मुलूख १६५९ च्या तहाने फ्रान्समध्ये आला. आपण या नावात कुठेच नाही, म्हणून ते रूसियोंमधल्या पेर्पिन्याँ शहराच्या रस्त्यावर उतरले. नाव बदललं नाही.

सेत आणि मार्सेयाँच्या मधल्या वाळूच्या दांड्यावर समुद्र इतका आत आला की किनाऱ्यालगतचा रस्ता उखडून सरोवराच्या बाजूला न्यावा लागला आणि जुन्या जागी वाळूच्या टेकड्या पुन्हा रचाव्या लागल्या. याच दांड्यावर १९४९ पासून जगभरातल्या द्राक्षांच्या २,००० हून अधिक जातींचा संग्रह आहे. तो मुद्दाम वाळूत लावला होता, फिलॉक्सेरा पोचू नये म्हणून, आणि वेली आपल्याच मुळांवर उभ्या होत्या. आता त्या मुळांना समुद्राचं मीठ लागू लागलं आहे. हा संग्रह ग्रुइसाँकडे हलवण्याचं काम हाती घेतलं गेलं आहे, एकेका वेलीची काडी कापून.