घोणस, रात्रीची वीज आणि संशोधनाचे प्रश्न

सर्पदंशावर संशोधन करायचं तर सुरुवात कोणत्या प्रश्नापासून करावी? विषाचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ म्हणेल, देशात प्रतिविष बनवायला लागणारं विष बहुतांशी तमिळनाडूतून येतं. मग आपल्याकडची घोणस चावली तर ते तितकंच लागू पडतं का, हे आधी बघू. अतिदक्षता विभागातले डॉक्टर विचारतील, पहिल्या तासात प्रतिविषाच्या किती व्हायल, म्हणजे कुप्या, द्याव्यात? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आता हेच कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर नाहीतर शिरोळ तालुक्यात, रात्रीच्या पाळीची वीज आली की बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला निघणाऱ्या माणसाला विचारा. तो म्हणेल, "शेतीपंपाला दिवसा वीज दिली तर साप चावायचं कमी होईल का, तेवढं बघा की."

हा आंदोलनाचा विषय झाला, विज्ञानाचा नव्हे, असं चटकन वाटतं. पण जरा थांबून पाहिलं तर हा चोख संशोधनप्रश्न आहे. सौर कृषी वाहिनीसारख्या योजनांमधून काही गावांच्या शेतीपंपांना दिवसा वीज मिळू लागते, शेजारच्या गावांत रात्रीची पाळी चालू राहते. दोन्हीकडच्या सर्पदंशाच्या नोंदी आधीच्या आणि नंतरच्या काढायच्या, पावसाळ्याचे महिने वेगळे धरायचे, आणि लोक खरोखरच रात्री रानात जायचे थांबले का, हे विचारायचं. मण्यार घरात झोपलेल्या माणसालाही चावते, त्यामुळे रानातले आणि घरातले दंश वेगळे मोजावे लागतील. काम किचकट आहे, पण होण्यासारखं आहे. आणि विषय किरकोळ नाही: २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला साधारण ५८ हजार, असा अंदाज मृत्यूंच्या देशव्यापी अभ्यासातून निघाला. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले.

अडचण एवढीच, की या प्रश्नाचं उत्तर बाटलीत भरून विकता येत नाही.

संशोधनाचे विषय कोण ठरवतं, याचा विचार केला की इथेच येऊन पोचायला होतं. निधी देणारी संस्था, औषध कंपनी, प्राध्यापक, ज्या नियतकालिकात लेख छापून यायला हवा त्याचे संपादक, अशी ही साखळी. ज्याला आजार आहे तो या साखळीत अगदी शेवटी येतो, तोही संमतीपत्रावर सही करण्यापुरता. २००९ मध्ये इयन चाल्मर्स आणि पॉल ग्लाझिऊ या दोन संशोधकांनी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हिशेब मांडला, की वैद्यकीय संशोधनावर होणाऱ्या गुंतवणुकीपैकी सुमारे ८५ टक्के वाया जाते. अभ्यासाची मांडणी चुकीची, निष्कर्ष छापलेच नाहीत, छापले ते अर्धवट, अशी कारणं त्यांनी दिली. पण त्यांच्या यादीतली गळतीची पहिली जागा होती ती चुकीच्या प्रश्नाची. रुग्णाला आणि डॉक्टरला जे जाणून घ्यायचंय ते न विचारता दुसरंच काही शोधत बसलं, तर पुढचं सगळं काम कितीही काटेकोर असलं तरी उपयोग नाही.

ही दरी मोजलीही गेली आहे. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी रुग्ण आणि डॉक्टरांनी मिळून ठरवलेल्या अग्रक्रमांची तुलना उपचारांच्या प्रत्यक्ष नोंदवलेल्या चाचण्यांशी केली. रुग्ण-डॉक्टरांच्या यादीत औषधांचे उपचार १८ टक्के होते. बिगर-व्यावसायिक चाचण्यांत ते ३७ टक्के होते, आणि व्यावसायिक, म्हणजे कंपन्यांच्या, चाचण्यांत ८६ टक्के. लोक विचारत होते व्यायामाबद्दल, शस्त्रक्रियेबद्दल, आहाराबद्दल, आजारासह जगायचं कसं याबद्दल. उत्तरं येत होती गोळ्यांची. गुडघेदुखीच्या संशोधनात हेच चित्र २००० सालीच दिसलं होतं.

पैसा हे एकमेव कारण मात्र नव्हे. डायलिसिसचं उदाहरण घ्या (घोणशीच्या विषानेही मूत्रपिंडं बंद पडतात आणि माणूस डायलिसिसवर जातो, म्हणजे विषय फार लांबचा नाही). डायलिसिसच्या चाचण्यांत नेमकं काय मोजावं, हे ठरवण्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांच्या पुढाकाराने एक मोठा उपक्रम झाला. ७० हून अधिक देशांतल्या हजारावर लोकांना विचारलं. त्यात रुग्ण होते, घरचे होते, डॉक्टर आणि नर्सही होत्या. डॉक्टरांनी वर ठेवलं मृत्यू आणि रुग्णालयात भरती होणं. रुग्णांनी वर ठेवला थकवा, प्रवास करता येणं, आणि यंत्रापासून मोकळा मिळणारा वेळ. चंदगडहून कोल्हापूरला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला येणाऱ्या माणसाचा विचार करा. पहाटे निघायचं, शंभरावर किलोमीटर एसटीत बसायचं, चार तास यंत्राला, मग परतीची गाडी. घरी पोचल्यावर अंगात काही उरत नाही, आणि दुसरा दिवसही पडून जातो. त्याला मरणाची भीती नसते असं नाही, पण त्याचा रोजचा हिशेब असतो तो उरलेल्या ताकदीचा.

डॉक्टर निर्दयी असतात म्हणून हे सुटलं, असं मला वाटत नाही. मृत्यू मोजायला सोपा, मूत्रपिंडं किती काम करतात हे सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन त्याहून सोपं. थकवा मोजायचा कसा? मोजता येत नाही ते चाचणीत येत नाही, आणि चाचणीत नाही ते पाठ्यपुस्तकात नाही. त्या उपक्रमाने शेवटी थकव्याला मृत्यूच्या शेजारी बसवलं आणि तो मोजायला तीन प्रश्नांची छोटी मोजपट्टीही तयार केली. संधिवाताच्या बाबतीतही असंच घडलं होतं. २००२ मध्ये संधिवाताच्या चाचण्यांचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पहिल्यांदा रुग्णांना बोलावलं गेलं. तज्ज्ञ इतकी वर्षं सुजलेले सांधे मोजत होते. रुग्ण म्हणाले, सांध्यांचं ठीक, पण हा थकवा कुणी मोजणार आहे का?

रुग्णांना सामील करायचं म्हणजे सभा भरवून हात वर करायला लावायचे, असं नाही. त्याची एक रीत बसली आहे. ब्रिटनमध्ये २००४ मध्ये 'जेम्स लिंड अलायन्स' सुरू झाली. नाव ज्याचं घेतलं तो लिंड हा आरमारी शल्यवैद्य. त्याने १७४७ मध्ये स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार) झालेल्या १२ खलाशांना दोन-दोन करून सहा वेगवेगळे उपचार दिले. संत्री-लिंबं खाणारे दोघे सगळ्यांत लवकर सुधारले. या संस्थेचं पहिलं काम दम्यावर झालं, २००७ मध्ये. एक आजार घ्यायचा. तो असलेले लोक, त्यांची काळजी घेणारे घरचे आणि उपचार करणारे, यांच्याकडून उत्तर न सापडलेले प्रश्न मागवायचे. शेकड्यांनी येतात. विस्कळीत, कधी रागाने लिहिलेले, कधी एकाच ओळीत तीन. ते निवडून, सारखे एकत्र करून, मग एकेक प्रश्न उपलब्ध पुराव्यांशी ताडून बघायचा, की याचं उत्तर आधीच मिळालेलं तर नाही?

मला सगळ्यांत मोलाची वाटते ती ही पायरी. कारण इथे दोन ढीग पडतात. एक, विज्ञानालाच ठाऊक नाही असे प्रश्न. तेच पुढे जातात. दुसरा, विज्ञानाला ठाऊक आहे पण लोकांपर्यंत पोचलेलं नाही असे. दुसऱ्या ढिगाला संशोधन नको, नीट समजावून सांगणारं माणूस हवं. साप चावल्यावर घट्ट आवळपट्टी बांधू नये, हे त्यातलंच.

उरलेल्या प्रश्नांची लांब यादी पुन्हा लोकांकडे जाते, छोटी होते, आणि शेवटी एका दिवसाच्या बैठकीत रुग्ण आणि डॉक्टर लहान लहान गटांत बसून पहिले दहा ठरवतात. ज्यांचं काम केवळ संशोधन आहे त्यांना तिथे मत नसतं. औषध कंपन्यांना बाहेर ठेवतात. टाइप १ मधुमेहाच्या २०११ च्या यादीत, रक्तातली साखर सतत आणि अचूक मोजणारं, चटकन नजरेत न भरणारं उपकरण होऊ शकेल का, हा प्रश्न पहिल्या दहांत होता. आज दंडावर लावायचे सेन्सर औषधांच्या दुकानात मिळतात.

हे इथे उचलून आणलं तर जसंच्या तसं चालणार नाही. आपल्याकडे डॉक्टरसमोर बसलेला माणूस 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणतो, आणि खरं बोलणं बाहेरच्या बाकावर होतं. म्हणून रुग्णांची बैठक आधी वेगळी घ्यावी लागेल, डॉक्टरांना दुसऱ्या टप्प्यात बोलवायचं. दुसरी गोष्ट म्हणजे कोण येतं. शहरातला, शिकलेला, निवृत्त माणूस सभेला वेळेवर हजर असतो. मराठवाड्यातून हंगामाला आलेली ऊसतोड करणारी बाई फडात असते, आणि संध्याकाळी कोपीवर, म्हणजे आपल्या झोपडीवर, चूल पेटवत असते. तिला विचारायचं तर तिथे जावं लागेल, मुकादमाला बाजूला ठेवून, आणि तिचा बुडालेला रोज भरून देऊन. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत डोक्यावर मोळी वाहणाऱ्या बाईला संशोधनाकडून काय हवंय, हे तिच्या वतीने दुसऱ्या कुणी ठरवू नये.

महाराष्ट्रात ठरलेल्या चौकटीबाहेरचा प्रश्न कुणी विचारलाच नाही असंही नाही. ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, अशी चौकट पक्की होती, त्या काळात डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. ९२ टक्के जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि बहुतेकींना तोवर कुणी तपासलंच नव्हतं. १९८९ मध्ये हे 'द लॅन्सेट'मध्ये आलं, तेव्हा जगभर त्याची दखल घेतली गेली.

रुग्णांनी सगळंच ठरवावं, असा या रीतीचा दावा नाही आणि नसावा. पेशीच्या आत काय चालतं, याचे प्रश्न कुणा रुग्णाच्या यादीत येणार नाहीत, तरी ते काम व्हायलाच हवं. विरळ आजाराच्या मूठभर लोकांचा आवाज मोठ्या यादीत बुडतो, हेही खरंच.

आपल्या नियमांत सामान्य माणसाला जागा आहे. २०१९ च्या वैद्यकीय चाचणी नियमांनुसार, चाचणीला मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीत किमान सात सदस्य लागतात, त्यात एक वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा सामान्य नागरिक हवाच. पण समितीपुढे प्रस्ताव येतो तेव्हा प्रश्न ठरून गेलेला असतो. त्याआधीचं एक दार कोल्हापुरात सहज उघडता येईल. इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत एमडी, एमएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. विषय निवडताना गाइडची आवड आणि मुदतीत किती केसेस मिळतील, एवढंच पाहिलं जातं. रुग्णांनी ठरवलेले दहा प्रश्न सिनॉप्सिसच्या (प्रबंधाच्या आराखड्याच्या) आधी विद्यार्थ्याच्या हातात असले, तर दरवर्षी त्यातले दोन-तीन तरी मार्गी लागतील. सुरुवातीला थकव्याची ती तीन प्रश्नांची मोजपट्टी मराठीत आणून आपल्या डायलिसिसच्या रुग्णांवर पारखून पाहता येईल. प्रयोगशाळेचा खर्च नाही, रुग्णाला वेगळं बोलवायला नको. ते आठवड्यातून दोनदा येतातच, आणि चार तास त्यांना दुसरं कामही नसतं.