‘-ए’चा घोळ: कमांड लाइनवरून मेल नेमका जातो कसा

सर्व्हरवर चालणाऱ्या सेंट ओएस ७ या लिनक्सची मुदत ३० जून २०२४ ला संपली. तोवर चालढकल करणाऱ्यांनाही मग सर्व्हर हलवावे लागले. हिंजवडीतली सॉफ्टवेअर कंपनी असो की भोसरीतला कारखाना, जिथे जिथे हे बिऱ्हाड उबुंटू किंवा डेबियन या दुसऱ्या लिनक्सवर गेले तिथे एक ठरलेली तक्रार येऊ शकते: रात्रीच्या रिपोर्टची अटॅचमेंट पोचत नाही. स्क्रिप्टमधले एक अक्षरही कोणी बदललेले नसते आणि लॉगमध्येही आरडाओरडा नसतो. मुळात ‘मेल’ या एकाच नावाने तीन-चार निरनिराळे प्रोग्राम वावरतात, आणि त्यांची घराणी वेगळी आहेत, म्हणून कमांडला जोडून लिहिलेल्या ‘-ए’ या एकाच पर्यायाचे अर्थही वेगळे.

जुना काळ थोडक्यात. १९७१ च्या पहिल्या युनिक्स माहितीपुस्तिकेत ‘मेल’ ही कमांड आहे. तेव्हा पाठवणे म्हणजे त्याच मशीनवरच्या दुसऱ्या माणसाच्या फाइलीत मजकूर घालणे, इतकेच. आज आपण वापरतो त्या प्रोग्रामचा मूळपुरुष १९७८ च्या सुमारास बर्कलीत लिहिला गेला. विषय विचारणे, ओळीच्या सुरुवातीला टिल्ड टाकून सूचना देणे, टोपणनावांची यादी ठेवणे, मध्येच सोडलेला मजकूर ‘डेड लेटर’ नावाच्या फाइलीत टाकणे, हे सगळे त्याचेच. पुढे व्यापारी युनिक्सने असाच प्रोग्राम घेतला, पण ‘मेल’ हे नाव आधीच अडलेले होते म्हणून त्याला ‘मेलएक्स’ म्हटले. सगळ्या युनिक्ससाठी ठरवलेल्या ‘पोसिक्स’ या प्रमाणात हेच नाव गेले. त्या प्रमाणात अटॅचमेंटचा पर्यायच नाही, आणि पुढचा सगळा तमाशा तिथूनच निघतो.

हा प्रोग्राम पत्र फक्त तयार करतो, पोचवत नाही. पोचवण्याचे काम १९७९ मध्ये ‘डिलिव्हरमेल’कडे होते, १९८३ पासून ‘सेंडमेल’कडे गेले. आज मशीनवर पोचवण्यासाठी पोस्टफिक्स असो की एक्झिम, ‘सेंडमेल’ नावाची एक फाइल ठेवावीच लागते, कारण मेल बहुतेक वेळा तिलाच हाक मारतो. पत्ते दोनदा लिहिले जातात, हेही इथेच समजून घ्यावे. लग्नपत्रिकेत आतला मजकूर सगळ्यांना सारखाच असतो. ती कोणाच्या दारात टाकायची हे पाकिटावरच्या नावावर ठरते. तसेच मेलच्या हेडरमधले ‘टू’ आणि ‘फ्रॉम’ वाचणाऱ्यासाठी, तर एन्व्हलपवरचे पत्ते पोचवणाऱ्यासाठी. बीसीसी चालतो तो या फरकावरच. हेडरमध्ये ‘फ्रॉम’ बदलला तरी परत आलेले मेल भलत्याच खात्यात साचतात, तेही यामुळेच. परतीचा पत्ता एन्व्हलपवर असतो आणि तो वेगळ्या पर्यायाने द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट स्क्रिप्ट लिहिणारे हमखास विसरतात. काम संपल्यावर मेलने ‘शून्य’ (म्हणजे ‘चूक नाही’) परत दिले म्हणजे पत्र पोचले असे नव्हे. ते सेंडमेलच्या हवाली झाले, एवढाच त्याचा अर्थ. कित्येक आवृत्त्या तर सेंडमेल काय म्हणतो हे ऐकायलाही थांबत नाहीत. त्यासाठी ‘सेंडवेट’ हा पर्याय वेगळा चालू करावा लागतो.

पुण्यात हे सगळे घराघरांत आले ते शेल अकाउंटमधून. १५ ऑगस्ट १९९५ ला सरकारी कंपनीने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. विद्यापीठाच्या आवारातल्या संशोधन संस्थांना मेल त्याआधीपासून होता, पण बाकीच्यांसाठी हीच सुरुवात. विद्यार्थ्यांना परवडायचे ते शेल अकाउंट: मोडेमची किरकिर, काळा पडदा, मेलसाठी पाइन. चित्रे नाहीत, माउस नाही. मराठी पत्रे रोमन अक्षरांत जायची आणि ‘ळ’चे काय करायचे हे ज्याने त्याने आपापले ठरवायचे. फाइल पाठवायची तर ती ‘यूयूएन्कोड’मधून अक्षरांत बदलून मजकुरातच ओतायची. मेलमध्ये फाइली जोडण्याची पद्धत ठरवणारे ‘माइम’ हे प्रमाण १९९२ मध्येच ठरले होते आणि पाइनला ते समजायचे, पण साध्या ‘मेल’ला नाही. त्या पिढीने स्क्रिप्टमध्ये यूयूएन्कोडच वापरले आणि अशा काही ओळी अजून जिवंत आहेत.

आता मुख्य भांडण. माइम रुळल्यावर बर्कलीच्या मूळ प्रोग्रामला दोन वाटा फुटल्या. एका वाटेवर ‘नेल’ नावाचा नवा अवतार आला, पुढे तो ‘हेरलूम मेलएक्स’ झाला आणि त्यातून आजचा ‘एस-नेल’ निघाला. या घराण्यात ‘-ए’ म्हणजे फाइल जोडा. दुसरी वाट डेबियनच्या ‘बीएसडी-मेलएक्स’ची. तिथे ‘-ए’ म्हणजे हेडरमध्ये एक जादा ओळ घाला, आणि फाइल जोडायला पर्यायच नव्हता. ग्नू प्रकल्पाच्या मेलयूटिल्स या तिसऱ्या प्रोग्राममध्येही लहान ‘ए’ हेडरसाठी ठेवला आहे. फाइल जोडायची तर मोठा ‘ए’. ही सगळी मंडळी मशीनवर ‘मेल’ याच नावाने बसतात. कोणती बसली आहे हे कमांडकडे पाहून कळत नाही, पॅकेज तपासावे लागते.

सेंट ओएस ज्याच्यावरून बनायचे त्या रेड हॅटच्या घरात २०१० च्या सहाव्या आवृत्तीपासून हेरलूम आला, म्हणून सेंट ओएसवर वाढलेल्या सगळ्यांच्या बोटांत ‘-ए’ म्हणजे अटॅचमेंट हे पक्के बसले. तीच ओळ उबुंटूवर गेली की बीएसडी-मेलएक्स फाइल न जोडता तिचे नावच, समजा ‘स्टॉक.सीएसव्ही’, मुकाट्याने हेडरमध्ये घालतो. ज्यात कोलन नाही असा हेडर नियमाला धरून नाही, तरी प्रोग्राम तक्रार करत नाही. मेल निघतो, ‘शून्य’ येते, ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा क्रॉन खूश. अटॅचमेंट कुठेच नसते.

हेडरवाल्यांची बाजूही पोकळ नाही. ‘-ए’ला मजकुराचा प्रकार सांगणारी कंटेंट-टाइपची ओळ देऊन एचटीएमएल रिपोर्ट पाठवणाऱ्या स्क्रिप्ट हजारोंनी आहेत. अर्थ बदलला तर त्या सगळ्या मोडतील. शिवाय हेडर घालता येत असेल तर बाहेरून माइम तयार करून काहीही पाठवता येते, म्हणजे तात्त्विकदृष्ट्या हा पर्याय जास्त ताकदवान. मान्य. पण रात्री दोनला बॅकअपचा रिपोर्ट पाठवणाऱ्याला ताकद नको असते, फाइल हवी असते. ज्या पर्यायाला फाइलचे नाव दिल्यावर चूक दाखवायची एवढी साधी गोष्ट करता आली असती, त्याने वर्षानुवर्षे गप्प बसणे पत्करले. माझ्या मते दोष ‘-ए’च्या त्या अर्थामध्ये नाही, या गप्प बसण्यात आहे.

यातून अनेकांनी ‘मट’ या दुसऱ्या मेल प्रोग्रामचा आसरा घेतला. १९९५ पासूनचा मट फाइलसाठी लहान ‘ए’च वापरतो, पण एका पर्यायाला कितीही फाइली घेतो, त्यामुळे पत्त्याआधी दोन डॅश द्यावे लागतात. ते विसरले की पत्ताच फाइल समजून शोधायला निघतो. इथे निदान तोंडावर सांगतो तरी की अशी फाइल नाही.

देवनागरीमुळे आणखी एक पेच पडतो. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात आपले एक अक्षरचिन्ह ३ बाइटचे. मात्रा आणि हलंत वेगळे मोजायचे. विषयाच्या ओळीत देवनागरी साध्या इंग्रजी वर्णांत सांकेतिक करून तुकड्यांनी पाठवतात; असा तुकडा ७५ वर्णांपेक्षा मोठा चालत नाही आणि त्यातले १२ वर्ण नुसत्या वेष्टनात जातात. दर ३ बाइटचे ४ वर्ण करणाऱ्या बेस-६४ चे गणित मांडले तर उरलेल्या जागेत ४५ बाइट बसतात, म्हणजे १५ चिन्हे. ‘दैनंदिन साठा अहवाल’ एवढा विषयसुद्धा एका तुकड्यात मावत नाही. एस-नेल हे तुकडे नीट पाडतो. जुना बीएसडी-मेलएक्स मात्र बाइट जसेच्या तसे सोडतो आणि वर्णसंच सांगतही नाही, मग पलीकडे काय दिसेल ते पलीकडच्याच्या अंदाजावर. मजकूर ‘कोटेड-प्रिंटेबल’ या दुसऱ्या सांकेतिक पद्धतीत गेला तर दर चिन्हाला ९ वर्ण लागतात आणि ओळ ७६ वर थांबते. मोठ्या मराठी मजकुराला म्हणूनच बेस-६४ स्वस्त पडते, तिथे वाढ साधारण एक तृतीयांशच.

अलीकडच्या घडामोडींनी मात्र जुना सगळा मामला झाकोळला आहे. डिसेंबर २०१४ मध्ये उघड झाले की पत्त्याच्या जागी उभ्या रेघेने सुरू होणारा मजकूर दिला तर मेलएक्स तो कमांड म्हणून चालवतो. मुळात ही सोयच होती. पण पत्ता वेबवरच्या फॉर्ममधून येऊ लागला आणि सोयीचे भगदाड झाले. डेबियनने तेव्हा ती मुद्दाम चालू केल्याशिवाय चालणार नाही असे केले. नंतरचा ताप पोचवण्याच्या बाजूचा. सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते पंचवीस नंबरचे पोर्ट अनेक क्लाउड पुरवठादार बंद ठेवतात, म्हणून पत्र ५८७ किंवा ४६५ वरून पासवर्ड देऊन दुसऱ्या सर्व्हरकडे द्यावे लागते. ‘एमएसएमटीपी’सारखे छोटे प्रोग्राम त्यासाठीच सेंडमेलच्या जागी बसवतात. जीमेलने ३० मे २०२२ पासून साधा पासवर्ड स्वीकारणे थांबवायला सुरुवात केली. तिथे स्क्रिप्टसाठी ‘अ‍ॅप पासवर्ड’ काढावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून त्याच सेवेच्या वैयक्तिक खात्यांना दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पाठवणारे डोमेन खरे आहे का हे तपासणाऱ्या तिन्ही पद्धती लागतात. कमी पाठवणाऱ्यांनाही पहिल्या दोघांपैकी एक तरी हवेच.

यामुळे कारखान्यातल्या एखाद्या मशीनवर ‘रूट’ या मुख्य खात्याने मशीनच्या स्वतःच्या नावावरून पाठवलेला रिपोर्ट आता स्पॅममध्ये जातो किंवा दारातच अडतो. बाहेर पाठवायचा तर परतीचा पत्ता कंपनीच्या डोमेनवरचा द्यावा, आणि ते डोमेन ज्या सर्व्हरला मान्यता देते त्याच्याकडून तो पाठवावा. अटॅचमेंटसाठी नुसत्या ‘मेल’वर विसंबू नये. एस-नेल किंवा मट नाव घेऊनच बोलवावा, म्हणजे पुढच्या वेळी सर्व्हर हलला की प्रोग्राम नसल्यास ‘कमांड सापडत नाही’ एवढे तरी रात्रीच्या लॉगमध्ये लिहिले जाईल.