फुटाच्या दरात न दिसणारे तास

निपाणी-चिकोडीच्या काळ्या कातळात बोअर मारायची तर दर फुटावर ठरतो. साडेसहा इंचाचं भोक, वरच्या मुरुमापुरतं केसिंग (भोकाच्या भिंतीला आधार देणारा पाइप), खाली ठोके देत खडक फोडणारा हॅमर. दिवसभरात पाणी लागतं किंवा गाडी पुढच्या शिवारात जाते. भूऔष्णिक विहीर, म्हणजे जमिनीच्या पोटातली उष्णता वर आणणारी विहीर, अनेकदा दोन-तीन किलोमीटर खोल असते आणि तिथं पैसा तासावर जातो. रिग (खोदणारं यंत्र) खोदत असो वा उभी असो, भाडं चालूच. त्यामुळे आराखडा करताना खोदकाम कुठं आणि कशानं थांबेल, याचाच आधी विचार करावा लागतो.

बिट, म्हणजे नळीच्या टोकाचं खडक फोडणारं अवजार, घ्या. 2,500 मीटरवर ते झिजलं, तर सगळी नळी वर काढून, बिट बदलून, पुन्हा खाली सोडायला दहा तास सहज जातात. हिशेबापुरतं रिगचं भाडं तासाला 60 हजार धरू. पाच लाखांचं बिट तासाला 5 मीटरनं 150 मीटर गेलं, तर बदलण्याच्या वेळेसकट मीटरला सुमारे 19,300 रुपये पडतात. वीस लाखांचं बिट तासाला 10 मीटरनं 400 मीटर गेलं, तर 12,500. बिटाची किंमत एकटी पाहणं ही या धंद्यातली सर्वांत महागडी काटकसर.

वेग मंदावला की बिटावर वजन वाढवायचा मोह होतो. वजनाच्या प्रमाणात वेग वाढला तर उत्तम. नाही वाढला, तर जोर खडक फोडण्याऐवजी नळीच्या कंपनात जातोय आणि बिटाचे दात तुटणार. यासाठी एक घनमीटर खडक फोडायला किती ऊर्जा लागली, हा आकडा खोदतानाच सतत पाहतात. तो अचानक चढला की वजन किंवा फेरे बदलून पाहायचे. अमेरिकेत युटा राज्यातल्या फोर्ज या भूऔष्णिक संशोधन प्रकल्पात याच शिस्तीनं कृत्रिम हिऱ्याच्या दातांची पीडीसी बिटं ग्रॅनाइटमध्ये वेगानं चालवून दाखवली.

दुसरा अडथळा भेगांचा. आपल्याकडे भेग लागली की आनंद, कारण पाणी तिथंच. भूऔष्णिक विहिरीलाही भेगा हव्यातच, पण तळाशी, गरम थरात. वरच लागल्या तर चुरा वर आणण्यासाठी नळीतून सोडलेला चिखल-द्रव त्यात पळून जातो, चुरा वर येत नाही, तो बिटाभोवती बसतो आणि नळी अडकते. अशा वेळी भेगा बुजवणारा भुसा-तंतूंचा माल, नाहीतर सिमेंटचा बूच मारतात. तळाच्या थरात मात्र बुजवून चालत नाही. तिथं हवा मिसळून द्रव हलका करतात.

सिमेंटिंगला, म्हणजे केसिंगभोवती सिमेंट भरण्याच्या कामाला, मी सर्वांत जास्त जपेन. हजार मीटरचं पोलादी केसिंग 200 अंशांनी तापलं तर मोकळेपणी सुमारे 2.4 मीटर लांबेल. म्हणून ते तळापासून तोंडापर्यंत सिमेंटनं जखडतात. पण दोन केसिंगांच्या मधे पाण्याचा एखादा कप्पा राहिला, तर तापलेल्या पाण्याला फुगायला जागा नसते; त्या दाबानं आतलं केसिंग चेपतं आणि कोट्यवधींची विहीर अरुंद होते. भेगांत सिमेंट जाणार हे धरून माल जास्तीचा तयार ठेवतात, मिश्रण हलकं करतात आणि तोंडाशी चांगलं सिमेंट परत येईपर्यंत पंप थांबवत नाहीत. ते आलं नाही, तर वरून भरण्याआधी मधलं पाणी निघायला वाट आहे ना, हे पाहावंच लागतं.

पुढे विहीर पहिल्यांदा चालू करतानाही झडप एकदम उघडत नाहीत. थोडा प्रवाह सोडून केसिंग सावकाश तापू देतात.